काळा घोड्याचा पुराभिलेखागार: इतिहासाच्या अभ्यासकासाठी परीक्षण

जहांगीर आर्ट गॅलरीसमोर, एल्फिन्स्टन कॉलेजच्या दगडी इमारतीत महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचे मुंबईतले दप्तर आहे. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, १८२१ मध्ये, मुंबई सरकारने आपले जुने कागद एका जागी लावायला घेतले. त्या रेकॉर्ड ऑफिसचेच हे आजचे रूप. सुरतेच्या वखारीची पत्रे, मुंबई किल्ल्यातल्या कौन्सिलच्या डायऱ्या, आणि पुढच्या काळातले राजकीय, महसूल, न्याय, सामान्य अशा एकेका खात्याचे खंड इथे आहेत. प्लेगच्या फायली आहेत, स्वातंत्र्य चळवळीवर नजर ठेवणाऱ्या गृह विभागाच्या फायलीही आहेत.

निकाल आधीच देतो. ज्याच्याकडे नीट बांधलेला प्रश्न आहे त्याला मुंबईत याच्या तोडीची दुसरी जागा नाही. लेखात डकवायला एखादे चटकदार वाक्य हवे असेल तर छापील खंड पुरेत, इतका त्रास घेऊ नये. या दप्तराची खरी किंमत कागदांच्या संख्येत नाही. कागद ज्या क्रमाने सरकारी टेबलांवरून फिरले, बऱ्याच अंशी त्याच क्रमाने ते इथे बांधलेले आहेत, यात ती आहे. कागद काय म्हणतो हे कुठेही छापता येते. तो कुणाच्या पत्राखाली, कुणाच्या शेऱ्यावर, कशाच्या उत्तरादाखल लागला होता हे इथेच कळते, आणि पुरावा तोलायचा तर सुरुवात तिथूनच होते.

नवख्या माणसाची पहिली अडचण ही की इथे विषयवार काही नाही. ‘मुंबईचे पाणी’ असा कप्पा मिळणार नाही. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले. त्याचा माग काढायचा तर प्रत्येक टप्प्याला विचारावे लागते की हे काम तेव्हा कोणत्या खात्याचे होते. जमीन घेतली ती महसुलाकडे, बांध घातला तो बांधकामाकडे, पैसा मंजूर झाला तो अर्थखात्याकडे, आणि दुर्गंधीच्या, रोगराईच्या तक्रारी आणखी तिसरीकडे. हे गैरसोयीचे वाटते खरे, पण यातच माहिती दडलेली असते. महसुलाच्या कागदात तलाव म्हणजे इतके एकर आणि इतकी भरपाई. अर्थखात्यात तोच तलाव म्हणजे कर्ज. दोन्ही खरे, दोन्ही अपुरे. कुणीतरी सगळे उपसून ‘पाणी’ नावाच्या गठ्ठ्यात बांधले असते तर कोणते खाते काय बघत होते हे कायमचे पुसले गेले असते.

म्हणून मागणी चिठ्ठी भरण्याआधी याद्यांवर वेळ घालवावा, आणि भरपूर घालवावा. चिठ्ठीला खाते, वर्ष, खंड क्रमांक आणि प्रकरणाचा क्रमांक, ज्याला तिथल्या बोलीत कंपायलेशन म्हणतात, एवढे लागते. यातले काहीही अंदाजाने भरू नये. इंग्रजी सूचीत नावे शोधताना आजची स्पेलिंगे विसरावीत. ठाणे ‘टाना’च्या जागी, वसई ‘बसीन’च्या जागी, पुणे ‘पूना’च्या जागी सापडते; १७व्या शतकातल्या पत्रांत शिवाजी महाराज ‘सेवाजी’ आहेत. एका नावाची चार-पाच रूपे आधी कागदावर लिहून घ्यावीत आणि सगळी तपासावीत. सूचीत नाव नाही म्हणजे कागद नाही असे नव्हे. सूची करणाऱ्या कारकुनाला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच सूचीत आले. कामगार, बायका, गुन्हा न केलेली सामान्य माणसे सूचीत फार क्वचित असतात. ती प्रकरणाच्या पोटात, एखाद्या अर्जाच्या सहीत किंवा साक्षीत भेटतात.

खंड हातात आला की हवे ते पान उघडून फोटो काढायचा आणि खंड परत करायचा, ही सर्वात महागात पडणारी सवय. पूर्ण प्रकरण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे. सरकारी पत्राचा प्रवास ठरलेला असतो: खालच्या अधिकाऱ्याचा अहवाल, त्यावर कलेक्टरचे पत्र, मग कमिशनर, मग सेक्रेटरीची टिपणी, शेवटी कौन्सिलचा ठराव. वर जाताना मजकूर आटत जातो. गावच्या पातळीवर ‘पाऊस नाही, बैल विकले, वीस घरे गाव सोडून गेली’ असे असलेले वरच्या ठरावात ‘काही प्रमाणात स्थलांतर’ एवढेच उरते. कोण कुठे काय गाळतो हे ओळीने वाचल्याशिवाय दिसत नाही. डिसेंबरातल्या पत्राचे उत्तर पुढच्या वर्षाच्या खंडात असते, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या वर्षाचे खंडही मागवावेत.

प्रत्येक कागदाच्या टिपणात चार तारखा वेगळ्या लिहाव्यात: घटना घडली ती, पत्र लिहिले ती, पत्र पोहोचले ती, निर्णय झाला ती. पोहोचल्याची तारीख बहुधा पाठीवर किंवा कोपऱ्यात वेगळ्या हाताने टाकलेली असते आणि फोटोत ती हमखास सुटते. ‘सरकारला माहीत असूनही सरकार गप्प बसले’ असा आरोप करायचा तर तिसरी तारीख लागतेच. तार येण्यापूर्वीच्या काळात आठवडे वाटेत जात. इंग्रजी पत्रात नुसते ‘१२ इन्स्टंट’ असले तर ती चालू महिन्याची १२ तारीख, ‘अल्टिमो’ असले तर मागच्या महिन्याची. मोजदादीच्या घाईत हे उलटे होते आणि महिनाभराची चूक शिरते.

याहून मोठी चूक वर्षाची. इंग्लंडात १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग चाले आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. ईस्ट इंडिया कंपनीची माणसे तेच वापरत. त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या पत्रावर आपल्या हिशेबाने एक वर्ष मागचा आकडा दिसतो. महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची. पण त्या वेळच्या इंग्रजी गणनेत तो जानेवारी १६६३ चा. काही लेखक दोन्ही वर्षे जोडून ‘१६६३/६४’ लिहीत, काही लिहीत नसत. सुरतेतल्या डचांकडे मात्र सुधारलेले ग्रेगोरियन पंचांग होते आणि ते दहा दिवस पुढे. म्हणजे एकच दिवस इंग्रजांकडे ५ जानेवारी १६६३ आणि डचांकडे १५ जानेवारी १६६४ असा पडतो. दोन कागद समोर ठेवून ‘साक्षीदारांत एकवाक्यता नाही’ असा निष्कर्ष काढला तर तो फक्त आपल्या अज्ञानाचा पुरावा ठरेल.

इथे वार कामी येतो. एस्केलियट या इंग्रज पाद्र्याने सुरतेहून लिहिलेल्या पत्रात शहरात हाकाटी झाली तो दिवस मंगळवार, ५ जानेवारी असा दिला आहे. ज्युलियन ५ जानेवारी १६६४ ला मंगळवारच येतो. १६६३ धरले तर सोमवार. वारावर पंचांगाच्या बदलाचा परिणाम होत नाही, म्हणून तो साक्षीदार फार मोलाचा. शिवजन्माच्या तारखेच्या वादातही हेच तंत्र वापरता येते. जेधे शकावलीतली, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार टिपणातली नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. तिची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० आज बहुतेक जण मानतात, पण ती ज्युलियन आहे. ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस १ मार्च १६३० आणि वार शुक्रवार. मोबाईलवरच्या कॅलेंडरात १९ फेब्रुवारी १६३० टाकून ‘शुक्रवार तर येत नाही’ म्हणणारे दर वर्षी भेटतात. त्यांचे कॅलेंडर ग्रेगोरियन गणनेने मागे गेलेले असते. नोंद तिथल्या तिथे शाबूत आहे.

वार जुळला म्हणजे नोंद खरी ठरली असे मात्र समजू नये. वार जुळण्याची शक्यता नुसत्या योगायोगानेही सातात एक आहे. तिथी, वार, नक्षत्र, संवत्सराचे नाव असे चार दुवे एकमेकांशी पटले तर विश्वास वाढतो, कारण नंतरच्या काळात खोटी नोंद रचणाऱ्याला चारही जुळवणे अवघड जाते. आणि मग पुढचा प्रश्न: ही नोंद ज्याने लिहिली त्याला ती कुठून मिळाली? समकालीन टिपणावरून उतरवलेली शकावली आणि दीडशे वर्षांनी आठवणी व ऐकीव गोष्टींवर रचलेली बखर यांना एका तागडीत तोलता येत नाही, मग बखरीची भाषा कितीही मोहक असो. बखर तरीही टाकाऊ नाही. ती ज्या काळात लिहिली त्या काळाला आपला भूतकाळ कसा हवा होता, याचा ती उत्तम पुरावा आहे. घटनेची साक्षीदार म्हणून मात्र तिला उभे करू नये.

अस्सल आणि नक्कल हा दुसरा मोठा धडा या खंडांतून मिळतो. कंपनीच्या काळात महत्त्वाचे पत्र एकदाच लिहिले जात नसे. मसुदा, स्वच्छ प्रत, पाठवणाऱ्या कचेरीच्या वहीतली नोंद, पोहोचल्यावर तिथल्या डायरीत उतरवलेली नक्कल, आणि जहाज बुडाले तर पंचाईत नको म्हणून वेगळ्या जहाजांनी लंडनला रवाना केलेल्या प्रती. यातल्या बऱ्याच आज तिकडे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एकाच पत्राच्या पाच प्रती म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत, साक्षीदार एकच. मुंबईची आणि लंडनची प्रत जुळते म्हणून मजकूर ‘दोन साधनांनी सिद्ध’ असे लिहिलेले वाचले की वाईट वाटते. नकलांची तुलना करायची ती वेगळ्या कारणासाठी: उतरवताना कुणी आकडा चुकवला का, कुणी परिच्छेद गाळला का. आणि मसुदा मिळाला तर त्याला प्रथम हात घालावा. खोडलेली ओळ वाचता आली तर लिहिणाऱ्याच्या मनात आधी काय होते हे कळते. स्वच्छ प्रतीत ते कुठेच नसते.

बातमी आणि अफवा वेगळी करण्याचे शिक्षणही याच पत्रांतून होते. एप्रिल १६८० मध्ये महाराजांचे रायगडावर निधन झाले. त्याआधीही त्यांच्या मृत्यूच्या आवया इंग्रजी पत्रांत येऊन गेल्या होत्या. वखारवाला ‘असे ऐकतो’ म्हणतो, ‘आमच्या माणसाने पाहिले’ म्हणतो, की ‘अमुक सावकाराच्या पत्रात आहे’ म्हणतो, हे शब्द टिपणात जसेच्या तसे घ्यावेत. आपल्या लेखात येताना हे सगळे ‘इंग्रज लिहितात’ या दोन शब्दांत बुडून जाते.

छापील खंडांचा उल्लेख वर केला. फॉरेस्ट या अधिकाऱ्याने मुंबई सचिवालयातल्या मराठेविषयक कागदांची निवड १८८५ पासून छापली. काम मोठे आहे, अक्षर लागत नाही तिथे आधार म्हणून अजूनही उपयोगी आहे. पण निवड ती निवड: युद्ध, तह, वकिली यांना जागा मिळाली, बाजारभाव, दंड, मजुरी, तक्रारी मागे राहिल्या. छापील पानावरून संदर्भ मिळाला की मूळ खंडातले ते प्रकरण मागवून आजूबाजूची वीस पाने वाचावीत. छापलेल्या भागाला अर्थ देणारा कागद पुष्कळदा तिथेच शेजारी असतो.

आता आकड्यांकडे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि तिथून पुढे मुंबई सरकारच्या कागदांना पूर आला. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा अहवाल, मार्च १८९७ पासून जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीचा अहवाल, आठवड्याचे मृत्यूचे तक्ते, चाळींच्या तपासणीच्या नोंदी. सगळ्यात मोह पडतो तो ‘प्लेगने मेलेले’ या रकान्याचा. तो रकाना एकटा घेऊ नये. प्लेग नोंदवला की माणूस इस्पितळात, घरचे छावणीत, घर निर्जंतुक करायला मोकळे, सामान जळण्याची भीती. मग घरातले ताप म्हणून नोंदवत, किंवा छातीचा विकार म्हणून. उपाय त्याच तक्त्यात आहे: त्या आठवड्यातले सर्व कारणांचे एकूण मृत्यू घ्यावेत, मागच्या पाच निरोगी वर्षांतल्या त्याच आठवड्यांची सरासरी काढावी आणि वजाबाकी करावी. मृत्यूचे कारण लपवता येते, प्रेत लपवणे फार कठीण. त्यासोबत ताप आणि श्वसनविकाराचे रकाने अचानक फुगले का हेही पाहावे. फुगले असतील तर लपवाछपवीचा अंदाज तिथून निघतो.

वजाबाकीलाही मर्यादा आहे, कारण शहर रिकामे होत होते. माणसे कोकणात, देशावर, गुजरातेत निघून गेली. जे गावी जाऊन मेले ते मुंबईच्या तक्त्यात नाहीत. लोकसंख्येचा आकडाही याच कारणाने जपून वापरावा. १८९१ च्या जनगणनेत मुंबई शहरात ८,२१,७६४ माणसे मोजली गेली, १९०१ मध्ये ७,७६,००६. ही ४५,७५८ ची घट म्हणजे मृत्यू, असे लिहिणे चूक आहे. १९०१ ची मोजणी मार्चच्या पहिल्या तारखेची, ऐन प्लेगच्या हंगामातली. त्या रात्री जो शहरात होता तोच मोजला गेला. घट हा मृत्यू, पळ आणि परतलेले-नव्याने आलेले यांचा एकत्रित हिशेब आहे आणि नुसत्या त्या एका आकड्यातून तिघांना वेगळे काढता येत नाही.

छापील अहवालाबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगावीशी वाटते. असा अहवाल काम संपल्यावर, वरिष्ठांना दाखवण्यासाठी लिहिलेला असतो. त्याच अधिकाऱ्याची त्याच आठवड्यात लिहिलेली पत्रे फायलीत असतात आणि तिथला सूर वेगळा असतो: गोंधळ, माणसांची टंचाई, विरोध, माघार. दोन्ही शेजारी ठेवून वाचावे. त्यासाठीच तर दप्तरात यायचे.

मराठी वृत्तपत्रांवर काम करणाऱ्यांचा इथे ओढा असतो तो देशी वृत्तपत्रांच्या साप्ताहिक गोषवाऱ्यांकडे. सरकारसाठी तयार झालेले हे इंग्रजी सारांश सोयीचे आहेत, कारण अनेक पत्रांचे अंक आज मिळतच नाहीत. पण भाषांतरकाराने सरकारला जे खुपेल तेच उचलले; म्हणून गोषवारा वाचून मराठी पत्रे दिवसरात्र सरकारवरच लिहीत होती असा समज होतो. जाहिराती, नाटकांच्या बातम्या, व्याख्यानमाला, वाचकांची भांडणे यातले फारसे काही तिथे नाही. मूळ अंक मिळत असेल तर तोच वाचावा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत आधी चौकशी करावी. भाषांतराच्या भरवशावर काय काय उभे राहू शकते हे टिळकांच्या खटल्यांत दिसलेच. १९०८ मध्ये न्यायालयात सादर झालेल्या भाषांतरांवर त्यांनी स्वतःच्या बचावात सविस्तर आक्षेप घेतले होते. पोलिसांनी टिपून इंग्रजीत दिलेल्या भाषणांनाही हीच कसोटी लावावी.

इथे येऊन निराश होणारे लोक बहुधा चुकीच्या दारात आलेले असतात. पेशवाईचा मोडी पसारा पुण्याच्या पेशवे दप्तरात आहे. कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही संचालनालयाची दप्तरे आहेत. मुंबईचा भर इंग्रजी सरकारी कागदांवर. तरी मोडी शिकून घ्यावी, कारण इंग्रजी प्रकरणात मूळ मराठी अर्ज जोडलेला असतो आणि त्याचे इंग्रजी सार मूळ अर्जाशी प्रामाणिक असेलच असे नाही. संचालनालय मोडीचे वर्गही घेते. अक्षर लागले की पुढची अडचण कालगणनेची. मोडी पत्रात ‘छ’ या अक्षरानंतर हिजरी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, असते आणि साल पुष्कळदा नसतेच. ते पत्रातल्या माणसांच्या हुद्द्यांवरून आणि घटनांवरून बसवावे लागते. साल असेल तर अरबी शब्दांत, आणि एकं आधी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: सुहूर सन ११६१. मृगाला साल बदलते, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मेपर्यंत ६०० मिळवायचे. पानिपत, १४ जानेवारी १७६१, याच सालात पडते.

बनावट कागदाचा विषय निघाला की इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनचे उदाहरण द्यावेच लागते. १८५२ च्या कायद्याने या कमिशनला बळ मिळाले आणि हजारो इनामदारांना आपली सनद दाखवावी लागली. उत्पन्न वाचवायचे म्हटल्यावर जुन्या दिसणाऱ्या सनदाही तयार झाल्या. तपासणी कशी होई हे आजच्या अभ्यासकाने नीट समजून घ्यावे. सनद एकटी कितीही सुबक असली तरी तिच्यामागे हिशेब असायला हवा: गाव खरोखर सोडून दिले असेल तर सरकारी जमाखर्चात त्या गावाची वजावट दर साल दिसली पाहिजे. पेशवे दप्तरातल्या हिशेबांशी सनद ताडून पाहिली जाई ती यासाठी. कागद जुना भासवता येतो, हुबेहूब अक्षर काढता येते, पण तीस वर्षांच्या वेगवेगळ्या हातांच्या हिशेबात मागाहून ओळ घुसवणे जवळजवळ अशक्य. कमिशनच्या निकालांवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. इनाम रद्द झाले की सारा सरकारला मिळे. परीक्षकालाच निकालात लाभ होता.

वाचकाला स्वतः करता येण्याजोग्या चाचण्याही आहेत. कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह बघावे. युरोपी कागदावर अनेकदा गिरणीने साल उठवलेले असते. पत्राची तारीख १७९९ आणि जलचिन्ह १८०५ असेल तर समोरची वस्तू १७९९ ची नाही. ती नंतरची नक्कल आहे किंवा बनावट. (खंडात बांधलेले पान असे धरायचे असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला बोलवावे, स्वतः ओढाताण करू नये.) मराठी पत्रात मोर्तब, म्हणजे शेवटचा शिक्का, मजकूर संपतो तिथेच उमटवलेले असते. महाराजांच्या पत्रांवरचे ‘मर्यादेयं विराजते’ हे तेच. नावाप्रमाणे ते मर्यादा घालते, खाली कुणी ओळ वाढवू नये म्हणून. मोर्तबाच्या खाली किंवा त्याला चुकवत दाटीवाटीने लिहिलेली ओळ दिसली की थांबावे.

डिजिटल प्रतींबद्दल माझे मत बऱ्याच जणांना पटणार नाही. स्कॅनमुळे नाजूक खंडांची हाताळणी वाचते आणि डोंबिवलीत बसून वाचता येते, हे मोठे काम आहे आणि ते अधिक वेगाने व्हायला हवे. पण सुटी प्रतिमा म्हणजे गाव, टपाल, नाव नसलेला कागद. मागची बाजू कोरी होती की स्कॅनच झाली नाही, हे कळत नाही. खंडाचे मुखपृष्ठ, सूची, कोरी पाने, पाठीवरचे शेरे यांच्यासकट अखंड स्कॅन असेल तरच ते दप्तराची जागा घेऊ शकते. स्वतः फोटो घेण्याची परवानगी मिळाली तर पहिला फोटो खंडाच्या कण्यावरच्या चिठ्ठीचा, दुसरा प्रकरणाच्या पहिल्या पानाचा, आणि मग सलग पाने, पाठपोट. पानांवर बहुधा दोन-तीन क्रमांक असतात: मूळ शाईतला, मागाहून पेन्सिलीने घातलेला, कधी शिक्क्याचा. संदर्भात कोणता दिला हे एकदा ठरवून शेवटपर्यंत तोच द्यावा, नाहीतर तुमचा संदर्भ घेऊन येणाऱ्याला पान सापडणार नाही आणि तुमचे विधान तपासता येणार नाही. तपासता न येणारे विधान इतिहासात चालत नाही.

चिठ्ठी परत येण्याची कारणे जुन्या दप्तरात सगळीकडे सारखीच असतात: खंड हाताळण्याच्या पलीकडे नाजूक झालेला, दुरुस्तीला गेलेला, किंवा क्रमांक चुकलेला. तिसरे कारण बहुतेक वेळा आपले असते. पहिल्या कारणावर वाद घालू नये. १९व्या शतकातली लोहयुक्त काळी शाई कागद खाते. अक्षराच्या रेषेवरच पान फाटते आणि पान उलटताना शब्द गळून पडतात. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होते. पावसाळ्यात पाने एकमेकांना धरून बसतात, ती नखाने सोडवू नयेत. दुरुस्त केलेल्या पानांवर पातळ कागद किंवा जाळीदार कापड चिकटवलेले असते आणि अक्षर धुक्यातून बघितल्यासारखे वाटते. उजेड वरून न घेता बाजूने घेतला तर वाचायला सोपे जाते.

तयारी म्हणून एवढे लागेल: शासकीय ओळखपत्र, संस्थेचे किंवा मार्गदर्शकाचे विषय स्पष्ट सांगणारे पत्र, पेन्सिली (शाईपेन आणि बॉलपेन खंडाजवळ नेऊ नये), एक भिंग, आणि कोरडे हात. विषय ‘मराठ्यांचा इतिहास’ असा भलामोठा लिहू नये; ‘१८६१ ते १८६५, मुंबई बंदरातली कापसाची हमाली’ असा लिहिला तर तिथली अनुभवी माणसे कोणती यादी आधी काढायची ते सांगू शकतात. त्यांचे ऐकावे. सूचीत नसलेले पुष्कळसे त्यांच्या डोक्यात असते. शुल्क, नकलांचे दर आणि फोटोचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी फोनवर विचारावेत. महाराष्ट्र शासनाचा आठवडा फेब्रुवारी २०२० अखेरपासून पाच दिवसांचा झाला आहे. शनिवारी हेलपाटा घालू नये. चर्चगेटहून चालत पाऊण तासही लागत नाही, पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येते.

वेळेचा अंदाज प्रामाणिकपणे धरावा. १८व्या शतकातले इंग्रजी वळण, लांब ‘एस’ जो ‘एफ’सारखा दिसतो, निम्म्यात तोडलेले शब्द, यांची सवय होईपर्यंत पहिला आठवडा अक्षर लागण्यातच जातो. बाहेरगावाहून दोन दिवसांसाठी येणार असाल तर १८५० नंतरचा विषय घ्या. अक्षर सुटसुटीत आहे आणि पुष्कळ कामकाज छापलेले आहे. त्याआधीच्या विषयासाठी सलग तीन आठवडे मोकळे नसतील तर आधी छापील निवडी संपवून, नेमके कोणते खंड हवेत त्याची यादी हातात घेऊनच या.